लग्न झालं, बाळ झालं, घर घेतलं… पॉलिसीवर नॉमिनी मात्र जुनाच?

पहिली नोकरी लागली की मार्चच्या तोंडावर कर वाचवण्यासाठी विमा पॉलिसी काढली जाते. नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं जातं आणि कागद फाइलमध्ये जातात. पुढे लग्न होतं, मूल होतं, होम लोनचा हप्ता सुरू होतो. फाइल मात्र कुणी उघडत नाही.

याचा परिणाम काय होतो, हे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या २०२५ मधील एका निकालातून कळतं. एका तरुणाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं होतं. लग्न आणि मुलाच्या जन्मानंतरही त्याने ते नाव बदललं नाही. २०१९ मध्ये त्याचं निधन झालं आणि विम्याच्या पैशांसाठी सासू-सून कोर्टात समोरासमोर आल्या. अखेर आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा मिळाला. वाटणी रास्त वाटेल, पण तोवर काही वर्षं गेली होती.

गोंधळ कायद्यातही आहे. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटलं होतं. २०१५ मध्ये विमा कायद्याचं कलम ३९ बदललं आणि आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते ‘लाभार्थी’ ठरतील, अशी तरतूद आली. तरीही वारसांनी दावा केला तर वारसा कायदाच वरचढ, असं कर्नाटकच्या न्यायालयाने म्हटलं. थोडक्यात, लग्नानंतर नॉमिनी आपोआप बदलत नाही. तुम्हालाच कंपनीकडे नोंद करावी लागते. एकापेक्षा जास्त नॉमिनी ठेवून कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. नॉमिनी १८ वर्षांखालचा असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी सज्ञान व्यक्ती, म्हणजे ‘अपॉइंटी’, नेमायला विसरू नका.

आता रकमेचं बघू. समजा, २६व्या वर्षी तुम्ही २५ लाखांचं कव्हर घेतलं आणि आज ४० लाखांचं होम लोन डोक्यावर आहे. उद्या काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही १५ लाख बाकी राहतात. घरखर्च आणि शाळेची फी वेगळीच. ‘कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स आहे की’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं, पण नोकरी सुटली की साधारणपणे ते कव्हरही जातं. पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे आणि तो नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो.

काही टर्म प्लॅनमध्ये लग्न, मूल किंवा होम लोन या टप्प्यांवर नव्या मेडिकलशिवाय कव्हर वाढवता येतं. त्याला मुदत असते, म्हणून पॉलिसीच्या अटी आधी वाचा. व्यवसायाचं कर्ज असेल तर विवाहित पुरुषाला नवी पॉलिसी घेताना १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली ती पत्नी-मुलांच्या नावे करता येते. त्या पैशांना सहसा सावकार हात लावू शकत नाहीत. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो.

जुनी पॉलिसी बंद करून नवी घेण्याची घाई टाळा. कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. नवी घेतली की ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. शिवाय वय वाढल्याने प्रीमियमही जास्त बसतो. त्यामुळे जुनी चालू ठेवून वर दुसरा टर्म प्लॅन जोडणं बहुतेकांना परवडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या प्रीमियमवर जीएसटीही लागत नाही.