डोळे रेखणारे हात

पेणची गणेशमूर्ती ओळखली जाते ती तिच्या डोळ्यांवरून. ही आखणी वर्षांच्या सरावाने साधते. मोबदला मात्र बहुधा नगावर. हमरापूर-जोहे परिसरात साच्यांतून लाखो मूर्ती निघतात. हंगामात व्यापाऱ्याचा तगादा सुरू झाला, की एका मूर्तीवर रेंगाळणाऱ्या कलावंताचीच मजुरी बुडते. मग उमेद टिकावी कशी? रोह्यानजीक धाटावच्या कारखान्यातील कायम कामगाराला निदान भविष्यनिर्वाह निधी असतो. आखणी करणाऱ्याची नजर अधू झाली, की कामच संपते. २०२५ साली प्लॅस्टरबंदीचा वाद उच्च न्यायालयात गाजला. चर्चा झाली ती प्रदूषणाची (ती रास्तच) आणि कारखानदारांच्या गुंतवणुकीची. आखणीचा किमान दर ठरविण्याचा विषय मात्र कोणीच काढला नाही.