मूलपेशी आणि मधुमेह : आशा व सावधानता

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतोच. आज हा विकार घराघरांत शिरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणूनच ‘मूलपेशींनी मधुमेह बरा होतो’ ही चर्चा कितपत खरी आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशी नष्ट करते. म्हणून जन्मभर इन्सुलिन घ्यावे लागते. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण त्याचा परिणाम नीट होत नाही. आपल्याकडील बहुतेक रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

मूलपेशीपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात. तिच्यापासून प्रयोगशाळेत बीटा पेशी घडवून रुग्णाला देणे, हे या उपचाराचे सूत्र. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व सहकाऱ्यांनी या विषयावर संशोधन केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी चाचणीत अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिनची गरज उरली नव्हती. परंतु हे सर्व रुग्ण पहिल्या प्रकारचे होते. शिवाय नव्या पेशी टिकाव्यात म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात व त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आपल्या देशातील २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा वापर रक्ताच्या काही विकारांसारख्या मोजक्या आजारांतच मान्य आहे. मधुमेहासाठी तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत करता येतो व त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कोणी लाखो रुपये मागून हमी देत असेल, तर त्यासाठी शेत विकू नये, कर्ज काढू नये. पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन बंद केल्यास काही दिवसांतच जीव धोक्यात येतो, हे कधीही विसरू नये.

केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपणही विचारावे : चाचणीची सरकारी नोंद आहे काय? नैतिक समितीची मान्यता आहे काय? पैसे कशाचे?

विद्यार्थी मित्रांनो, हे विज्ञान अजून वाढते आहे. पुसदच्या मुलामुलींनीही जीवशास्त्र मन लावून शिकावे आणि या संशोधनात उतरावे, हीच आमची अपेक्षा.