'कोणी आलं नाही' : इंग्रजीत सांगताना

आपल्या घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला एक साधे वाक्य इंग्रजीत सांगायला सांगा : 'काल कोणी आलं नाही.' मूल हुशार असले, इंग्रजी माध्यमात शिकत असले, तरी 'एनीबडी डिड नॉट कम यस्टरडे' असे उत्तर येण्याचा संभव बराच आहे. शब्द योग्य आहेत, काळ योग्य आहे, आणि तरीही इंग्रज माणूस हे वाक्य कधी बोलणार नाही. तो 'नोबडी केम यस्टरडे' म्हणेल. मग अडते कुठे?

आधी आपल्या भाषेकडे पाहू. 'कोणी' आणि 'काही' ही आपली अनिश्चित सर्वनामे. ती स्वतः होकारी नाहीत आणि नकारीही नाहीत. 'कोणी आलं का?', 'कोणी आलं तर सांग', 'कोणी आलं नाही' : तिन्हीकडे शब्द तोच. नकार येतो तो क्रियापदापाशी, म्हणजे वाक्याच्या शेवटी, आणि ऐकणाराही तोवर थांबतो. शेजारच्या भाषांतही हाच साचा आहे. बेळगावात कानडी शेजारी 'यारू बरलिल्ल' म्हणेल, हैदराबादेत तेलुगू शेजारी 'एवरू रालेदु', इंदूर-ग्वाल्हेरला 'कोई नहीं आया', बडोद्याला 'कोई आव्युं नहीं', गोव्यात 'कोणूच आयलो ना'. सगळीकडे सर्वनाम आधी आणि नकार क्रियापदाला चिकटलेला. त्यामुळे मराठी मुलाचे हे इंग्रजी वाक्य कानडी, गुजराती किंवा हिंदी मित्रालाही खटकत नाही. दोघांचाही साचा एकच, मग सुधारणार कोण?

इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये बसते, आणि 'नॉट' त्याच्या साहाय्यक क्रियापदाबरोबर तिथेच. म्हणजे नकारी वाक्याचे दोन भाग पडतात : 'नॉट'च्या आधीचा आणि नंतरचा. 'एनीबडी', 'एनीथिंग', 'एनीवेअर' या शब्दांना वाक्यात बसण्यासाठी आधी कुणाची तरी परवानगी लागते, असे समजा. ती परवानगी नकार देतो, प्रश्न देतो, 'इफ'ची अट देते. क्रियापदानंतर येणाऱ्या सर्वनामाला ती आपोआप मिळते, कारण नकार त्याच्या आधी येऊन गेलेला असतो : 'आय डिडन्ट सी एनीबडी', 'शी डिडन्ट से एनीथिंग'. पण कर्ता क्रियापदाच्याही आधी बसतो. तिथे 'एनीबडी' ठेवले तर त्याला परवानगी देणारा 'नॉट' अजून आलेलाच नाही. म्हणून इंग्रजी नकार उचलून सर्वनामातच घालते आणि 'नोबडी' होते. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली नकारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नकाराचा शब्द शक्य तितका आधी आणण्याची ओढ भाषेत असते, असे त्यात त्यांनी दाखवले आहे. आपला 'नाही' शेवटी येतो, त्यामुळे ही ओढ मराठी कानाला सहज जाणवत नाही.

क्रियापदानंतर 'नोबडी', 'नथिंग' चालतच नाही असे मात्र नाही. 'आय सॉ नोबडी' शुद्ध आहे. फक्त त्यात ठासून सांगितल्याचा सूर आहे, आपल्या 'कोण्णी म्हणून दिसलं नाही' सारखा. बोलण्यातले साधे वाक्य 'आय डिडन्ट सी एनीबडी' हेच. 'हॅव' आणि 'देअर इज' यांच्यानंतर मात्र 'नथिंग' रोजच्या बोलण्यातही सहज येते : 'आय हॅव नथिंग टू से', 'देअर इज नथिंग राँग.'

काही क्रियापदांच्या पोटातच नकार असतो. नाकारणे, शंका घेणे, टाळणे या अर्थाची क्रियापदे 'नॉट'शिवाय परवानगी देतात : 'ही डिनाइड टेकिंग एनीथिंग', 'आय डाउट एनीबडी नोज', 'शी रिफ्यूज्ड टू मीट एनीवन.' इथे 'नथिंग' घातले तर अर्थ उलटतो. 'ही डिनाइड टेकिंग नथिंग' म्हणजे काहीच घेतले नाही हे त्याला मान्य नाही! चौकशीच्या कागदावर असे वाक्य गेले तर माणूस अडचणीत येईल.

एक खोडा आपल्या शब्दकोशांनीही घातला आहे. 'एनीबडी' म्हणजे 'कोणीही' असे आपण पाठ करतो. 'एनीबडी कॅन कम', 'कोणीही येऊ शकतं', इथपर्यंत जोडी जुळते. पण मराठीत 'कोणीही येऊ शकत नाही' हेही सरळ वाक्य आहे, आणि ते जसेच्या तसे उतरवले की फलकावर 'एनीबडी कॅनॉट एंटर' येते. तिथे 'नोबडी' किंवा 'नो वन' हवे. संस्थेच्या नियमावलीतही 'एनी मेंबर शॅल नॉट' नको, 'नो मेंबर शॅल' हवे.

याहून नाजूक प्रकरण 'ऑल'चे. 'सगळ्या सभासदांनी वर्गणी भरलेली नाही' याचा अर्थ आपण काहींची बाकी आहे असा घेतो. पण 'ऑल मेंबर्स हॅव नॉट पेड' या वाक्यातून कुणीच भरली नाही असाही अर्थ निघू शकतो, आणि वर्गणी वेळेवर भरणारा सभासद रागावू शकतो. नकार पुढे आणून 'नॉट ऑल मेंबर्स हॅव पेड' लिहिले की वाद मिटतो.

दोन नकारांबद्दल शाळेत फार दटावले जाते, म्हणून थोडे. 'आय डिडन्ट सी नोबडी' हे प्रमाण इंग्रजीत आज चालत नाही, पण चौदाव्या शतकात चॉसर एका वाक्यात दोन-तीन नकार सहज वापरीत असे, आणि लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत व अमेरिकेतल्या अनेक बोलींत ते आजही चालतात. दोन नकार एकमेकांना खोडतात हा दंडक अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी रुजवला. रॉबर्ट लाउथ यांचे 1762 साली निघालेले व्याकरण त्यांत विशेष गाजले. तेव्हा ती बोली बोलणाऱ्याला अडाणी समजू नये. अर्जात मात्र दंडक पाळावा.

वचनाच्या बाबतीत आपण इंग्रजीपेक्षा सुखी आहोत असे मला वाटते. 'एव्हरीबडी' म्हणजे सगळे, तरी क्रियापद एकवचनी : 'एव्हरीबडी नोज'. आणि लगेच पुढे अनेकवचनी 'देअर' : 'एव्हरीवन ब्रॉट देअर अम्ब्रेला.' जुने शिक्षक इथे 'हिज'चा आग्रह धरीत, पण जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही असे 'देअर' सापडते. आपल्याला हा पेचच पडत नाही. 'प्रत्येकानं आपापली छत्री आणली' म्हटले की छत्री कुणाची हे कळते, आणि आणणारा पुरुष की स्त्री हे सांगावे लागत नाही. तसेच 'कोणी आलं' मधले 'आलं'. कोण ते ठाऊक नाही म्हणून नपुंसकलिंग. गुजरातीतले 'आव्युं'ही तसेच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून तिथे 'कोई आया'च म्हणावे लागते. माळव्यातल्या घरांत मुले 'कोणी आला का' विचारत असतील तर कान द्या. 'कोणी आला' आपल्याकडेही म्हणतात, पण 'आलं'मधली ती मोकळीक त्यात नाही.

राहिले पाहुणचाराचे. प्रश्नात 'एनी' येते असा नियम मुले घोकतात. पण पाहुण्याला विचारताना इंग्रजी माणूस बहुधा 'वुड यू लाइक समथिंग टू ईट?' म्हणतो. 'सम' वापरले की उत्तर 'हो' असावे अशी इच्छा त्यात दिसते. 'एनीथिंग' विचारले तर अपमान होत नाही, पण हवे की नको हे पाहुण्यावर सोपवल्यासारखे वाटते. 'काही घेणार का?' आणि 'काहीतरी घ्या ना' यांतला फरक ज्या घरात कळतो, त्या घरातल्या मुलाला हे निराळे शिकवावे लागणार नाही.