विश्लेषण : नंदुरबारची मिरची इंग्रजीत पाच अक्षरांची की सहा?

मिरचीच्या हंगामात नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्या लाल होतात. याच मिरचीचे इंग्रजी स्पेलिंग मात्र एक नाही. शाळेत शिकवले जाते ते सी-एच-आय-एल-एल-आय, म्हणजे सहा अक्षरांचे. अमेरिकेत एक ‘एल’ गळतो आणि पाचच उरतात. दुकानाच्या पाटीवर अनेकदा शेवटी ‘वाय’ असतो. त्याचा खरा अर्थ ‘गारठ्याचे’. ‘वर्डल’सारख्या पाच घरांच्या कोड्यात यातले अमेरिकी रूपच बसते. ठरावीक लांबीचा, ठरावीक अक्षरे असलेला शब्द शोधायचा तर आधी हा घोळ समजून घ्यावा लागतो.

हा खेळ काय आहे?

जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी तयार केला. इंग्रजीतील सुमारे १२ हजार पाच अक्षरी शब्दांतून ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास शब्द तिनेच निवडले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी खेळणारे होते ९०. दोन महिन्यांत ते तीन लाखांवर गेले. जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खेळ विकत घेतला. रोज एक शब्द, सहा प्रयत्न. अक्षर जागेवर असेल तर हिरवे, शब्दात असून जागा चुकली तर पिवळे, नसेलच तर करडे.

पाच अक्षरे कशी मोजायची?

‘नंदुरबार’ मराठीत पाच अक्षरी आहे : नं-दु-र-बा-र. इंग्रजीत त्याला नऊ अक्षरे लागतात. तोरणमाळही आपल्याकडे पाच, इंग्रजीत आठ. मराठीत काना-मात्रा अक्षरालाच चिकटतात. इंग्रजीत स्वराला वेगळे घर द्यावे लागते. घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी अशी तिहेरी कसरत करणाऱ्या मुलाला हा फरक कोणी फोड करून सांगत नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० पासून आहे, पण स्पेलिंग बहुतेकदा पाठच केले जाते.

कोणती अक्षरे आधी तपासावीत?

२६ अक्षरांपासून पाच घरांच्या १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ जुळण्या होतात. त्यातल्या साधारण हजारांत एक खरा शब्द निघतो. म्हणजे अक्षरे वाटेल तशी शेजारी बसत नाहीत आणि शोधणाऱ्याचा सगळा आधार तोच. ‘क्यू’ आला की जवळपास नेहमी मागून ‘यू’ येतो. नेहमीच्या शब्दांत ‘ई’, ‘ए’, ‘आर’, ‘ओ’, ‘टी’ यांची गर्दी असते. ‘ई’ आणि ‘वाय’ना शेवटचे घर फार आवडते. म्हणून क्रेन किंवा स्लेट या शब्दांनी सुरुवात करणे फायद्याचे. पाचही स्वर बाद झाले तरी घाबरू नये, ‘वाय’ आठवावा : क्रिप्ट, निम्फ, लिम्फ, जिप्सी.

खरा सापळा वेगळाच आहे. ‘लाइट गेली’ म्हणताना आपण ‘जी’ आणि ‘एच’ उच्चारत नाही, पण इंग्रजीत ती दोन अक्षरे मुकाट्याने बसलेली असतात. शेवटची चार अक्षरे हिरवी झाली की लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट असे पर्याय रांगेत उभे राहतात. एकेक करून पाहिले तर सहा प्रयत्न संपतात. त्यापेक्षा फ्लेम हा शब्द टाकावा. तो उत्तर नसेल हे माहीत असते, पण ‘एफ’, ‘एल’ आणि ‘एम’ या तिन्हींचा निकाल एका फटक्यात लागतो. ‘हार्ड मोड’मध्ये मात्र ही पळवाट बंद आहे.

इंग्रजी कोणाची?

२०२२ च्या सुरुवातीला उत्तरात ‘फेवर’ आणि ‘ह्यूमर’ आले, तेही ‘यू’ गाळून. ब्रिटनमधले खेळाडू चिडले. ब्रिटिश वळणाचे स्पेलिंग शिकलेल्या आपल्याकडच्या मुलांचीही अडचण तीच. दुसरीकडे, स्क्रॅबलच्या ‘कॉलिन्स’ यादीत सातपुड्यातला मोह चक्क दोन रूपांत आहे. चौथ्या घरात ‘यू’ घाला किंवा ‘डब्ल्यू’, दोन्ही पाच अक्षरी आणि दोन्ही ग्राह्य. ज्वारी आणि बाजरीही तिथे पाच घरांत बसतात. म्हणजे इंग्रजीच्या डब्यात आपले धान्यही आहे, फक्त ते कुठे ठेवले आहे हे माहीत हवे.

एका अक्षराने काय बिघडते?

खेळात एक डाव जातो. कागदावर जास्त जाते. मराठी ‘व’साठी इंग्रजीत ‘व्ही’ही चालतो आणि ‘डब्ल्यू’ही. त्यामुळे वळवी, वसावे, पावरा ही आडनावे दाखल्यावर एका, तर बँकेच्या पासबुकात दुसऱ्या स्पेलिंगने उमटू शकतात. पाडवीत मधला ‘ए’ कोणी लिहितो, कोणी लिहीत नाही. मग शिष्यवृत्तीच्या अर्जावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही. आधारवरचे नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते. म्हणून शाळेच्या पहिल्या नोंदीतच स्पेलिंग ठरवून पुढे सगळीकडे तेच ठेवणे सोयीचे.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभलीत वाटले गेले. क्रमांकाचे आकडे बारा, सगळीकडे सारखेच. गावाचे नाव मात्र इंग्रजीत ‘ए’ घातला तर आठ अक्षरी, गाळला तर सात. आणि बातम्यांत दोन्ही सापडतात.