कॅन्सरची माहिती विचारायला जाते कोण?

मुंबईत कर्करुग्णांना माहिती आणि आधार देणाऱ्या संस्था कमी नाहीत. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. प्रश्न असा आहे की, त्यांच्या दारात विचारायला जाते कोण?

परदेशात कॅन्सरच्या टेलिफोन सेवांची पाहणी अनेकदा झाली आहे. अमेरिका घ्या, ब्रिटन घ्या, चित्र साधारण सारखेच. फोन करणाऱ्यांत बायका जास्त, पुरुष कमी. शिकलेले जास्त. स्तनाच्या कॅन्सरची विचारणा भरपूर, फुप्फुसाच्या कॅन्सरची त्या मानाने थोडी. म्हणजे ज्याच्या गाठीला थोडीफार माहिती आहे, तोच आणखी मागतो.

आपल्याकडे बाई नवऱ्याच्या तोंडाच्या जखमेसाठी दहा दारे ठोठावते. स्वतःच्या अंगावरून जाते, ते मात्र महिनोन्महिने कुणाला सांगत नाही. पुरुषाचे वेगळेच. तंबाखूने झाले, म्हणजे आपल्याच कर्माने झाले, मग कोणत्या तोंडाने विचारायचे? अशी शरम आम्ही कितीतरी घरांत पाहिली. शेवटी विचारतो तो मुलगा किंवा जावई, आणि तोही बजावतो, ‘पेशंटला सांगू नका.’ समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेला आईचीही संमती चालत नाही, रुग्णाची स्वतःची लागते. ज्याचे शरीर, त्यालाच अंधारात ठेवून संमती कसली घेणार?

आणि विचारणे ही सवय असते, ती पिढ्यांनी लागते. साहेबांपुढे मान खाली घालून उभे राहायला शिकवलेल्या माणसाला ‘माझा आजार कोणत्या टप्प्यात आहे?’ हे विचारणे सोपे नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, ही योजना उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते. ठाऊक होते तेव्हा दागिने मोडून झालेले असतात.

गरिबाला माहिती मिळते ती दुसऱ्या रुग्णाकडून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली माणसे एकमेकांना सांगतात, कोणता कागद कुठे लागतो. ही खरी माहिती सेवा, पण ती परळ-दादरला पोचल्यावर मिळते. संस्थांनी फोनची वाट पाहत बसू नये. त्यांनी वस्तीत, नाक्यावरच्या मजुरांत, महिला मंडळांत जावे, आणि फक्त नातेवाइकाशी नव्हे, रुग्णाशी बोलावे.

तोवर परळला निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट पिशवीत घ्या. पहिल्याच दिवशी समाजसेवा विभाग गाठा आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते विचारा. पैसे भरण्याआधी विचारा.