राडारोडा : किती मावतो आणि किती पेलतो?

पुण्याच्या पेठांत जुना वाडा पाडायला घेतला की रस्त्याकडेला दगड, विटा, पांढरी माती यांचे ढीग दिसू लागतात. हाच राडारोडा. तो न्यायला आलेला टेंपोवाला हौदा अर्धा रिकामा ठेवून निघतो. मालकाला वाटते, हा खेपा वाढवतो आहे. खरे काय ते गणित करून पाहू.

10 फूट लांब, 10 फूट उंच आणि 9 इंच जाड अशी विटांची एक भिंत घेऊ. तिचे आकारमान 75 घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास किंवा सुमारे 2.1 घनमीटर. वीटकामाची घनता घनमीटरला 1900 किलो धरली, तर भिंतीचे वस्तुमान झाले सुमारे 4 टन.

भिंत पाडली की तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. आकारमान दीडपट झाले असे धरू : 112 घनफूट. वस्तुमान मात्र तेवढेच. म्हणजे ढिगाची घनता घनमीटरला सुमारे 1270 किलो.

आता टेंपोचा हौदा 7 फूट लांब, 5 फूट रुंद, 1 फूट उंच आहे आणि गाडी पाऊण टन पेलते असे समजू. हौद्यात 35 घनफूट, म्हणजे साधारण 1 घनमीटर माल मावतो. काठोकाठ भरला तर भार सव्वा टनाच्या वर जाईल! पाऊण टनाला हौदा जेमतेम सात इंच भरतो. आकारमान पाहिले तर 4 खेपा पुरतात, वजन पाहिले तर 6 लागतात. या दोन खेपा वाचवल्या तर त्यांची किंमत उतारावर ब्रेक, टायर आणि कमानपाटे मोजतात. अमेरिकेत घरासमोर भाड्याने लोखंडी पेट्या ठेवतात. तिथेही काँक्रीट-विटांसाठी मुद्दाम लहान पेटी देतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. वीट सच्छिद्र असते. तिच्या वजनाच्या 15 टक्के पाणी तिने शोषले, तर पाऊण टनात 100 किलोंहून अधिक भर पडते. म्हणून ढीग झाकून ठेवावा.

भरतानाही तरफेचा नियम विसरू नये. सगळा भार मागच्या आसाच्या पलीकडे गेला, तर तो आस टेकूसारखा होतो आणि पुढची चाके हलकी पडतात. मग गाडी नीट वळत नाही. मोठे दगड तळाशी, आसाच्या थोडे पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवावेत. वरून ताडपत्री बांधावी.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. विटेचे तुकडे रात्रभर भिजवा, निथळवा आणि एका डब्यात काठापर्यंत भरा. मग मापाने पाणी ओता. जेवढे पाणी मावले, तेवढी पोकळी. तुकडे बारीक-मोठे मिसळले तर पाणी कमी मावते का, तेही विद्यार्थ्यांना शोधू द्या.

शेवटी, हा माल जातो कुठे? मुठेच्या पात्रात टाकलेली प्रत्येक ब्रास पुराच्या पाण्याची तेवढी जागा अडवते. पानशेतचा 1961 चा पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. बांधकाम कचऱ्यासाठी 2016 मध्ये स्वतंत्र नियम आले. काँक्रीट, विटा, माती, लोखंड, लाकूड वेगळे ठेवले, तर त्यातले बरेच पुन्हा वापरता येते. तेव्हा गाडी ठरवताना हौदा केवढा एवढेच न विचारता, ती किती पेलते आणि माल कुठे रिकामा करणार, हेही विचारू या.