नकाशाच्या चौकटीवरील अक्षांश-रेखांशांचे आकडे

पनवेल तालुक्याचा नकाशा शाळेतच संगणकावर तयार करून वर्गाच्या भिंतीवर लावणे आता शिक्षकांस शक्य झाले आहे. त्यासाठी लागणारी ‘क्यूजीआयएस’ ही भौगोलिक माहिती प्रणाली विनामूल्य मिळते. परंतु नकाशा छापून हाती आला की पुष्कळदा एक दोष दृष्टीस पडतो. चौकटीच्या वरच्या व खालच्या कडेवरील रेखांशांचे आकडे एकमेकांवर चढतात आणि एकही धड वाचता येत नाही. अशा वेळी आकडे काढूनच टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. आकड्यांवाचून आपले गाव पृथ्वीवर नेमके कोठे वसले आहे, हे विद्यार्थ्यास नकाशावरून सांगता येणार नाही.

दोषाचे कारण

पनवेल शहर सुमारे १८°५९′ उत्तर अक्षांश व ७३°०७′ पूर्व रेखांश येथे आहे. येथे रेखांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.७५ किलोमीटर होय. नकाशाचे प्रमाण १ : २,५०,००० असेल, तर हे अंतर कागदावर अवघे ७ मिलिमीटर भरते. उलट ‘७३°०७′००″’ हा आकडा नेहमीच्या छपाईत सेंटिमीटरभराहून अधिक जागा घेतो. दर मिनिटास एक रेषा आखल्यास तो मावणार कसा? डाव्या-उजव्या बाजूंस आकडे एकाखाली एक येत असल्याने तेथे ही अडचण सहसा येत नाही.

दोषाचे निवारण

‘प्रिंट लेआउट’मध्ये नकाशा निवडून ‘आयटम प्रॉपर्टीज’ मधील ‘ग्रिड्स’ हा भाग उघडावा व पुढील क्रमाने बदल करावेत.

(१) वृत्तजाळीची निर्देशांक पद्धती ‘ईपीएसजी : ४३२६’ ठेवावी. त्यायोगे रेषांमधील अंतर अंशांत मोजले जाते. नकाशा मीटरमध्ये असून हा बदल राहून गेल्यास पुढे लिहिलेला अंक अंशांचा न राहता मीटरचा ठरतो.

(२) ‘इंटर्व्हल’ दोन्ही दिशांस ०.१ अंश, म्हणजे ६ मिनिटे, ठेवावा. रेखांशाच्या रेषा आता सुमारे ४२ मिलिमीटर अंतरावर येतील. ६ मिनिटे घेण्याचे कारण असे की ती बरोबर ०.१ अंश होतात. ५ मिनिटांचा दशांश पूर्ण होत नाही.

(३) आकडे अंश व मिनिटे एवढ्याच रूपात दाखवावेत. सेकंदांची येथे गरज नाही.

(४) डाव्या-उजव्या बाजूंस केवळ अक्षांश व वर-खाली केवळ रेखांश दिसतील अशी योजना करावी. कोपऱ्यात दोन आकडे भिडत असल्यास वरची व उजवी बाजू बंद ठेवावी.

(५) एवढ्यानेही भागले नाही, तरच अक्षरे किंचित लहान करावीत. हा उपाय सर्वांत शेवटी योजावा, कारण नकाशा शेवटच्या रांगेतील मुलासही वाचता आला पाहिजे.

एक सावधगिरी

आकडा दशांश पद्धतीत दाखवून तो आखूड करण्यासाठी ‘प्रिसिजन’ शून्य केल्यास ७३.०, ७३.१ व ७३.२ या तिन्ही रेषांवर ‘७३’ हाच आकडा उमटतो. नकाशा नीटनेटका दिसतो, परंतु खोटा होतो. एकमेकांवर चढलेला आकडा निदान वाचता येत नाही. चुकीचा आकडा मात्र वाचला जातो आणि मुले तो खरा मानतात.

पडताळा

नकाशा भिंतीवर लावण्यापूर्वी एका विद्यार्थ्याच्या हाती पट्टी द्यावी. ७३°०६′ च्या रेषेपासून उजवीकडे ७ मिलिमीटर आणि १९°०० ′ च्या रेषेपासून खाली सुमारे ७ मिलिमीटर मोजल्यास पट्टी पनवेल शहरावर आली पाहिजे. ती तेथे आली, तर आकडे व रेषा यांचा मेळ बसला असे समजावे. त्यानंतर प्रत्येक मुलास आपापल्या गावाचे अक्षांश व रेखांश शोधून वहीत लिहिण्यास सांगावे.